अर्जदार : मु. पो. दुबलगुंडी

खिशातला मोबाइल आधी इथं काढून ठेवा. पहिल्या तीन मुक्कामांवर त्याला रेंज नाही, आणि चौथ्यावर तो फक्त बोलण्यापुरता असेल. तुमचं वय बावीस धरू. घर दुबलगुंडीत, हुमनाबादच्या शेजारी, बिदर आणि गुलबर्ग्याच्या मधल्या पट्ट्यात. घरात मराठी, गल्लीत कानडी, बाजारात दखनी, आणि भांडायची वेळ आली तर तिन्ही. शेत आहे, पण वाटणीला भाऊही आहेत. म्हणून नोकरी पाहिजे.

पाच वेळा तुम्ही बावीस वर्षांचे व्हाल आणि पाचही वेळा एकच काम कराल : नोकरीचा अर्ज. घर जागचं हलणार नाही. अर्जावरच्या पत्त्याची शेवटची ओळ मात्र दर वेळी वेगळी निघेल. कागद गेला, ई-मेल आला आणि अर्जाचं सगळंच बदललं, असं आपण धरून चालतो. काय बदललं आणि काय नाही, ते पत्त्यावर नजर ठेवून पाहू.

सुभा गुलबर्गा, रियासत हैदराबाद

१९४६ चा उन्हाळा. कचेरीतल्या कागदांवर हे साल नाही, तिथं फसली १३५५ चालू आहे. उजाडताच निघून तुम्ही हुमनाबादला आला आहात. सोलापूर-हैदराबाद रस्ता गावातूनच जातो. निजामाच्या रेल्वे खात्यानं १९३२ मध्ये सुरू केलेल्या मोटारी आता रियासतभर धावतात. पण हैदराबादला तुम्ही जाणार नाही, तुमचा कागद जाणार आहे.

लिंबाच्या सावलीत अर्जनवीस बसला आहे. पुढ्यात उतरतं मेज, दौत, टाक. तुम्ही मॅट्रिक झालेले, तेही उर्दूतून. पुढं उस्मानियात गेला असतात तर तिथंही उर्दूच होती, १९१८ पासून ते विद्यापीठ उर्दूतूनच शिकवतं. तरी सरकारी दरखास्त स्वतः लिहायची तुमची छाती होत नाही. शाळेतली उर्दू वेगळी, कचेरीची वेगळी. आधी साहेबाच्या थोरवीच्या दीड-दोन ओळी, मग तुमची बाब. त्या अख्ख्या कागदात 'मी' कुठंच नाही, जिथं तिथं 'फिदवी', म्हणजे आपला सेवक. आजोबांची मोडी, तुमची बाळबोध, दोन्ही इथं कामाच्या नाहीत.

"वालिद का नाम?" तुम्ही सांगता. "सुकूनत?" दुबलगुंडी. "मुलकी?"

इथं टाक थांबतो. अर्जनवीस मान वर करून तुमच्याकडं बघतो.

रियासतीत नोकरी मुलकी माणसालाच, म्हणजे इथल्याच माणसाला. दिवाण पहिल्या सालारजंगाच्या काळापासून उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणून कचेऱ्या भरल्या गेल्या. इथल्यांची कुरकुर वाढत गेली, आणि १९१९ मध्ये मुलकीचे नियम बांधले गेले. जन्मानं रियासतीचे असाल तर मुलकी. नसाल तर पंधरा वर्षं इथं राहिल्याचं दाखवा आणि परत जाणार नाही असं लिहून द्या. तुमच्या किती पिढ्या दुबलगुंडीच्या मातीत गेल्या याचा हिशेब नाही, म्हणून प्रश्न तुम्हाला सोपा वाटतो. पण पिढ्या अर्जाला जोडता येत नाहीत. दाखला जोडावा लागतो, आणि दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात.

अर्ज एकच. नक्कल हवी असेल तर पुन्हा लिहवून घ्या, पुन्हा पैसे मोजा, तेही हाली सिक्क्यात, रियासतीच्या स्वतःच्या चलनात. टपालही रियासतीचं स्वतःचं आहे. १९३१ च्या तिकिटांच्या मालेत एक आण्यावर चारमिनार आहे आणि बारा आण्यांवर बिदरचा महमूद गवानाचा मदरसा. आपल्या जिल्ह्याचं चित्र लावून अर्ज पाठवायची हौस फार, पण बारा आणे कोण घालवतो? चारमिनार चिकटवता, पाकीट पेटीत टाकता आणि चालत दुबलगुंडीचा रस्ता धरता.

हैदराबादेत तो कागद कुणाच्या हाती पडेल, हे तुम्हाला कळणार नाही. कुणीतरी तो उघडेल एवढं मात्र पक्कं. एका दरखास्तीमागं दोन दिवस, अर्जनविसाची मजुरी आणि एक दाखला असेल, तर माणसं दरखास्ती मोजून करतात. मोजून केलेली दरखास्त वाचलीही जाते.

जिल्हा बिदर, म्हैसूर राज्य

१९६०. तुम्ही पुन्हा बावीसचे. पेटीत वडिलांचा मुलकी दाखला आहे, उर्दूतला, घडीवर फाटत आलेला. तो कामाचा आहे का, हे विचारायला तुम्ही बिदरला आला आहात.

मधल्या काळात बरंच घडून गेलं. सप्टेंबर १९४८ मध्ये रियासत संपली. १९५२ मध्ये बाहेरच्यांच्या भरतीविरुद्ध मुलकी आंदोलन पेटलं आणि हैदराबादेत गोळीबार झाला. खोटे मुलकी दाखले विकले जातात, ही त्या आंदोलनातली एक मोठी तक्रार होती. मग १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, आणि बिदर जिल्ह्याचेही. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडे. उदगीरची मावशी आणि जहिराबादची आत्या कालपर्यंत तुमच्याच जिल्ह्यात होत्या. आता तिघांची तीन राज्यं.

राजधानीही सरकली. हैदराबाद एका दिवसाच्या वाटेवर होतं. बंगळूर सहाशे किलोमीटरच्या पलीकडं. तिथल्या कचेरीला उर्दू नको, मराठीही नको. अर्ज इंग्रजीत, टाइप केलेला हवा. पुढं १९६३ च्या राजभाषा कायद्यानं कन्नड येईल, तेव्हा तिसऱ्यांदा नवी अक्षरं गिरवावी लागतील.

आणि तो दाखला? कारकून तो उलटासुलटा करून परत देतो. संसदेनं १९५७ मध्ये कायदा केला : राज्यातल्या रहिवासाची अट घालून सरकारी नोकरी अडवायची नाही. त्यातून तेलंगणाला, आणि हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा यांना काही काळ सूट राहिली. जहिराबादच्या आत्याच्या मुलाला मुलकीपणाचा आधार राहिला. तुमच्या तुकड्याचं नाव त्या सुटीत नव्हतं. रियासत एक होती, दाखला एक होता, पण त्याची किंमत सीमेच्या कुठल्या बाजूला तुमचं घर पडलं यावर ठरली.

आता वाट एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची. १९४५ मध्ये महायुद्धातून सुटलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी ही कचेरी निघाली, १९४८ मध्ये सगळ्यांना खुली झाली, १९५६ मध्ये राज्यांच्या हाती आली. १ मे १९६० पासून नवा कायदा लागू आहे. सरकारी कार्यालयांनी आणि पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी कारखान्यांनी जागा रिकामी झाली की एक्स्चेंजला कळवायचं. भरती एक्स्चेंजमधूनच करा अशी सक्ती कायद्यात नाही, पण सरकारी खाती तिथूनच नावं मागवतात.

म्हणजे या खेपेला तुम्ही अर्ज करतच नाही. तुम्ही नाव नोंदवता. शिक्षण, टायपिंग, भाषा, जात, सगळं एका कार्डावर उतरतं. कार्ड पेटीत जातं. जागा निघाली की कुणीतरी पेटीतून कार्डं काढतो आणि नावं पाठवतो. तुमचं नाव कुठं गेलं, किती नावांबरोबर गेलं, हे तुम्हाला 'कॉल' आला तरच कळतं. नाही आला तर नूतनीकरणाची तारीख तेवढी लक्षात ठेवायची. ती चुकली की ज्येष्ठता गेली, पुन्हा शेवटी उभं राहा.

जिल्हा बिदर, कर्नाटक, पिन ५८५...

१९८७. राज्याचं नाव बदलून चौदा वर्षं झाली, पिन कोड येऊन पंधरा. कागदाच्या अर्जाचा हा भरबहर आहे. इथं जरा रेंगाळू.

हुमनाबादच्या बसस्टँडवर 'रोजगार समाचार' येतो. १९७६ मध्ये सुरू झालेलं केंद्र सरकारचं साप्ताहिक. शनिवारचा अंक इथं पोचेपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असतात. विकत घेणारा एक, वाचणारे सात. पानाच्या कोपऱ्यात अर्जाचा नमुना छापलेला असतो, छापील फॉर्म मिळत नाही. तो नमुना जसाच्या तसा फुलस्केप कागदावर टाइप करून घ्यायचा. टायपिंगच्या दुकानातला पोरगा पानामागं पैसे घेतो आणि चुकीच्या अक्षरावर पांढरं लावून वर फुंकर मारतो. काही जाहिरातींत अट उलटी असते : अर्ज स्वहस्ताक्षरातच हवा. तुमच्या अक्षरावरून तुम्ही कसे, हे ताडणारा साहेब पलीकडं बसलेला आहे.

फोटो तीन लागतात, पण एका अर्जासाठी स्टुडिओत कोण जाणार? डझनभर काढून ठेवता.

मग मार्क्स कार्डाच्या नकला. झेरॉक्स आता हुमनाबादेत होतात, पण नकलेवर कुणाचा विश्वास नाही. 'खरी नक्कल' असं लिहून खाली गॅझेटेड ऑफिसरची सही, नाव, हुद्दा, गोल शिक्का. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर चालतात, सरकारी हायस्कूलचे हेडमास्तर चालतात. डॉक्टरांपुढं बाळंतीण आधी, ताप आधी, तुमची नक्कल शेवटी.

"किती कापी हायत?"

"सहा, साहेब."

"वरिजनल?"

"आणल्यात की."

"शिक्का कपाटात हाय, कंपाउंडर जेवायला गेलाय. तिपारी ये."

तुम्ही बाहेर पायरीवर बसता. डॉक्टर तुम्हाला ओळखत नाहीत, तरी चारित्र्याचा दाखलाही त्यांच्याकडूनच घ्यायचा आहे : 'मी यांना तीन वर्षांपासून ओळखतो, हे माझे नातेवाईक नाहीत.' अनोळखी माणसानं ओळखत असल्याचं लिहून द्यावं आणि ओळखणाऱ्या नातलगाचं चालू नये, अशी ती व्यवस्था. पण या फेऱ्यांचं एक आहे. शिक्का मारता मारता डॉक्टर विचारतात, "कुठं टाकायलास? बँकेत? माझा साडू हैदराबाद बँकेत हाय, काय वाचायचं ते विचार त्याला." हेडमास्तर स्पेलिंग दुरुस्त करतात. पोस्टमास्तर सांगतात की मागच्या महिन्यात याच जागेसाठी गावातून आणखी दोघांनी पाकिटं टाकली. अर्ज चार हातांतून जातो, आणि त्यातला एखादा हात थोडं पुढंही ढकलतो. ज्याला डॉक्टरच्या पायरीवर बसवतच नाहीत, त्याच्या वाट्याला मात्र हे हात येत नाहीत. ही व्यवस्था गोड वाटली तरी सगळ्यांना सारखी नव्हती.

फी पोस्टल ऑर्डरनं. दुबलगुंडीत तेवढ्या रकमेची शिल्लक नाही, हुमनाबादलाही संपली असली तर बिदरचं हेड पोस्ट ऑफिस.  बरोबर स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं रिकामं पाकीट. बाहेरच्या पाकिटावर पदाचं नाव ठळक अक्षरांत.

आता खिडकीपुढं शेवटचा निर्णय. रजिस्टर ए.डी. महाग, पण पोच परत येते. यू.पी.सी. स्वस्त : पोस्टाचा शिक्का मारलेला एक चिटोरा, तुम्ही अमुक दिवशी पाकीट टाकलंत एवढंच तो सांगतो, पोचलं की नाही ते नाही. स्पीड पोस्ट गेल्याच वर्षी, १९८६ मध्ये सुरू झालंय, पण मोठ्या शहरांपुरतं.

जाहिरातीची शेवटची ओळ पुन्हा वाचा. शेवटची तारीख पाकीट टाकायची नाही, दिल्लीत पोचायची आहे, आणि टपालातल्या विलंबाला कार्यालय जबाबदार नाही. खाली बारीक टाइपात सूट दिलेली आहे. आसाम, मेघालय, अरुणाचल, मिझोराम, मणिपूर, नागालँड, त्रिपुरा, सिक्कीम, लडाख, लाहौल-स्पिती, अंदमान, लक्षद्वीप इथून टपालानं येणाऱ्या अर्जांना सात दिवस जास्त. दूरच्या लोकांची आठवण सरकारला आहे, पण दूर म्हणजे डोंगराच्या किंवा समुद्राच्या पलीकडं. हुमनाबादला रेल्वे नाही, टपालाची थैली बसनं जाते, अंक शनिवारचा मंगळवारी येतो, हे अंतर त्या यादीत कुठंच बसत नाही. महिन्याची मुदत दिल्लीत महिन्याचीच असते. दुबलगुंडीत ती जेमतेम तीन आठवड्यांची उरते.

सोळा दिवसांनी ए.डी.चं कार्ड परत येतं. वर गिचमिड सही आणि गोल शिक्का. नोकरी लागली नाही तरी ते कार्ड ट्रंकेत राहतं. पाकीट पोचलं, कुणीतरी सही करून घेतलं, एवढा पुरावा तुमच्या हातात आहे.

@रेडिफमेल डॉट कॉम

२००३. तुम्ही इंजिनियर झालात. भालकीचं कॉलेज १९८२ चं, बिदरचं गुरू नानक देव १९८० चं. पंचक्रोशीतल्या पोरांना इंजिनियर व्हायला पुण्याला जावं लागत नाही. नोकरीला मात्र जावं लागतं. हैदराबादेत १९९८ मध्ये सायबर टॉवर्स उभे राहिले, आणि छप्पन साली परकं झालेलं शहर कॉम्प्युटरमुळं पुन्हा जवळचं झालं.

हुमनाबादच्या सायबर कॅफेत प्लायवूडची खोपटी, पडदा, डायल-अपचं किरकिरणं. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट देशात १५ ऑगस्ट १९९५ ला आलं. मेलला फाइल जोडायची रीत जगानं त्याच्या तीनच वर्षं आधी, १९९२ मध्ये बसवली. ती बसली नसती तर बायोडाटा मेलमध्येच टाइप करावा लागला असता. आता तो फ्लॉपीवर येतो. वडिलांचं नाव, धर्म, उंची, छंद, सगळं आहे, कारण तो जुन्या अर्जाचीच नक्कल आहे. मालक तुम्हाला आयडी उघडून देतो. तुमच्या नावाचा आयडी आधीच गेलेला असतो, मग पुढं जन्मसाल जोडायचं. पासवर्ड वहीत.

चाळीस कंपन्यांचे पत्ते मित्राकडून मिळालेत. एकाच मेलमध्ये, वरच्या ओळीत, चाळीसच्या चाळीस टाकता. प्रत्येकाला उरलेल्या एकोणचाळीसांची नावं दिसणार आहेत, हे तुम्हाला कोण सांगणार? इथं डॉक्टर नाही, हेडमास्तर नाही. 'सेंड' दाबल्यावर तीन मेल 'मेलर डीमन'च्या नावानं लगेच परत येतात. पाटी सोडून गेलेल्या दुकानांचे ते पत्ते. सदतीस जातात. फी नाही, पोस्टल ऑर्डर नाही, सात दिवसांची सूटही नको. दुबलगुंडी आणि पुण्याचा डेक्कन जिमखाना, दोन्हीकडून कंपनीपर्यंतचं अंतर पहिल्यांदाच सारखं झालं : पाच सेकंद.

हे थोडं नाही. बापाच्या वेळी टपालात गेलेला आठवडा तुम्हाला परत मिळाला. जाहिरात ज्या दिवशी पुण्यात, त्याच दिवशी हुमनाबादेत.

पण तुमच्या मित्राची गोष्ट वेगळी. तो मराठी घेऊन एम. ए., बी. एड. त्याला उदगीरच्या बाजूच्या एका शिक्षण संस्थेत अर्ज टाकायचाय. अर्ज मराठीतच शोभेल म्हणून दुकानात 'श्रीलिपी'त टाइप करून घेतला, मेलला जोडला. पलीकडच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही. संस्थेला दिसतात इंग्रजी अक्षरं, चिन्हं आणि टोप्या. कन्नडात 'नुडी' वापरणाऱ्यांचंही तेच. युनिकोड हातात येईपर्यंत मराठी अर्ज ई-मेलनं पोचूनही पोचत नाही. मित्र शेवटी बसनं उदगीरला जातो आणि कागद टेबलावर ठेवून येतो. सीमेपलीकडची मावशी त्याला जेवू घालते.

तुमच्या सदतीस मेलांचं काय झालं? काहीच नाही. पुढं कुठून नकारही नाही. कागदाच्या जमान्यात उत्तर न येणं म्हणजे टपाल हरवलं असं मनाची समजूत घालता यायची, आणि ए.डी.चं कार्ड हातात असेल तर तेवढी शंकाही फिटायची. इथं मेल पोचलाय हे जवळजवळ नक्की, वाचलाय का हे कळायला मार्ग नाही. कारण पलीकडंही हिशेब बदलला. अर्जाला खर्च उरला नाही, म्हणून प्रत्येक जण सगळीकडं अर्ज टाकतो. ज्या टेबलावर दोनशे पाकिटं यायची, तिथं हजारोंनी मेल येतात, आणि तेवढे वाचायला माणूस नाही. मग चाळणी लागते : आधी कॉलेजचं नाव, टक्के, ओळखीतून आलेली शिफारस, आणि पुढं शब्द शोधणारं सॉफ्टवेअर. तुम्हाला अर्ज करणं जितकं स्वस्त झालं, तितकंच त्यांना तो टाकून देणंही.

मोबाइल क्रमांक (ओटीपीसाठी)

आता मोबाइल परत घ्या. आजचा दिवस.

खासगी नोकरीचा बायोडाटा फोनवरूनच जातो. सरकारी नोकरीची गोष्ट वेगळी झाली. तिथला अर्ज ई-मेलवर फारसा थांबलाच नाही, कागदावरून थेट पोर्टलवर गेला. फोटो पन्नास केबीच्या आत, सही पांढऱ्या कागदावर करून जेपीजीत. शेवटच्या दिवशी सर्व्हर झोपतो, आणि ओटीपी येतो तेव्हा त्याची मुदत संपलेली असते. तरी काय काय सुटलं ते पाहा. पोस्टल ऑर्डर गेली, फी फोनवरून. यू.पी.सी. २०११ मध्ये बंद झालं. २०१४ मध्ये केंद्रानं स्वतःच्या सहीची नक्कल चालेल असं ठरवलं, दवाखान्याची पायरी सुटली. २०१६ पासून केंद्राच्या खालच्या पदांना मुलाखतही नाही. २०१७ मध्ये बिदर-कलबुर्गी (म्हणजे गुलबर्गा) रेल्वे पूर्ण झाली, हुमनाबादला गाडी आली. आणि २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टात मिसळून गेली. १९८७ च्या अर्जातलं जवळजवळ सगळं सामान संपलं.

जवळजवळ. आता पोर्टलवर कर्नाटक सरकारची जागा उघडा आणि खाली सरकत जा. 'तुम्ही स्थानिक आहात काय?'

टाक पुन्हा थांबला.

१९५७ मध्ये गेलेला आधार या पट्ट्याला पंचावन्न वर्षांनी परत मिळाला. शेजारच्या आंध्राला घटनेचं ३७१-डी हे कलम १९७४ मध्येच मिळालं होतं. बिदर, गुलबर्गा, रायचूरच्या लोकांना त्यासाठी वैजनाथ पाटलांसारख्या नेत्यांच्या आंदोलनांची वाट तुडवावी लागली. शेवटी डिसेंबर २०१२ मध्ये घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि ३७१-जे आलं. या भागातल्या 'क' गटाच्या ८० टक्के आणि 'ड' गटाच्या ८५ टक्के जागा इथल्यांना, राज्य पातळीवरच्या कार्यालयांत ८ टक्के. हा मोठाच आधार आहे. पण त्यासाठी दाखला हवा, सहायक आयुक्तांच्या सहीचा. ते बसतात बसवकल्याणला. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून. ग्रामीण उमेदवारांच्या २५ टक्क्यांत बसायचं तर पहिली ते दहावी खेड्यात शिकल्याचं प्रमाणपत्र, हेडमास्तरांची सही, त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची (बीईओ) सही. कन्नड माध्यमातून शिकलेल्यांना आणखी ५ टक्के, त्यात मराठी शाळेतली पोरं नाहीत. सक्तीचा कन्नड पेपर मात्र त्यांनाही सोडवावा लागतो.

दुसरी वाट महाराष्ट्राकडं. २००४ पासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना तिथल्या सरकारी नोकरीसाठी अर्ज करता येतो, असा निर्णय १० जुलै २००८ चा. आधी यादीत गावाचं नाव शोधायचं. सापडलं तर रहिवासाचा दाखला जोडायचा. किती वर्षांचा? पंधरा.

हैदराबादच्या निजामानं १९१९ मध्ये बाहेरून आलेल्याकडं मागितली होती तेवढीच वर्षं. हे आकडे एकमेकांवरून घेतले असतील असं नाही. पण दोन सरकारांनी, नव्वद वर्षांच्या अंतरानं, एकाच पट्ट्यातल्या माणसाला एकच प्रश्न विचारला आणि उत्तराला एकच माप लावलं. मधल्या काळात त्या माणसाचं घर वीतभरही सरकलं नाही. उर्दू, इंग्रजी, कन्नड, मराठी अशा चार भाषांत त्यानं तेच लिहून दिलं : मी इथलाच.

कागद की ई-मेल हा वाद अर्जाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा आहे, पाठवण्याचा. तो अर्धा भाग आठवड्यावरून सेकंदावर आला, आणि त्याचा फायदा पुण्या-बंगळूरपेक्षा दुबलगुंडीला जास्त झाला, कारण अंतर तिलाच जास्त नडत होतं. पहिला अर्धा भाग, दाखले गोळा करण्याचा, अजून बसनंच चालतो. दुबलगुंडी-हुमनाबाद-बसवकल्याण, साहेब मीटिंगला गेले असतील तर उद्या पुन्हा. तो भाग लहान करायला नवं काही शोधावं लागत नाही. तुम्ही कुठल्या शाळेत कितवीपर्यंत शिकलात हे शिक्षण खात्याच्या नोंदीत आहे. जमीन कुणाच्या नावावर हे कर्नाटकाच्या 'भूमी' या संगणकीय नोंदींत पंचवीस वर्षांपासून आहे. मतदार यादी आहे, रेशन कार्ड आहे, २०१५ पासून डिजिलॉकरही आहे. या सगळ्या नोंदी सरकारच्याच. एका खात्यातून कागद काढून दुसऱ्या खात्याला नेऊन देणारा हमाल तेवढा अर्जदार आहे.

म्हणून फॉर्म भरताना दोन गोष्टी करा. 'सबमिट' दाबल्यावर येणारी पावती त्याच मिनिटाला उतरवून स्वतःच्या मेलवर टाका, कारण ए.डी.चं कार्ड आता कुणी घरी आणून देणार नाही. आणि स्थानिकतेचा दाखला जाहिरात निघायची वाट न पाहता आधीच काढून ठेवा. तिसरी गोष्ट तुमच्या एकट्याच्या हातात नाही, पण ग्रामसभेत, आमदारापुढं, मत मागायला येईल त्याच्यापुढं ती मागता येते : अर्जात फक्त नाव आणि जन्मतारीख घ्या, आम्ही इथले आहोत की नाही ते तुमच्या नोंदी उघडून तुम्हीच बघा.